निरसे दूध : धारोष्णतेचा गोडवा आणि धोक्याचा हिशेब

दूध तापवून प्यावे की निरसेच प्यावे, हा प्रश्न आपल्या आजीला कोणी विचारला असता तर तिने विचारणाऱ्याकडे क्षणभर पाहिले असते आणि काही न बोलता पातेले चुलीच्या वैलावर सरकवले असते. दूध घरात आले की ते आधी तापायचे आणि मग बाकीचे सारे, ही आपल्या स्वयंपाकघराची रीत इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यामागे काही विचार असेल असे आपल्या मनातही येत नाही. दूध उतू गेले म्हणून बोलणी खाल्ली नाहीत असा मुलगा महाराष्ट्रात सापडणे कठीण.

पण याच घरांतून एक दुसरी परंपराही नांदत आलेली आहे. ‘धारोष्ण’ हा शब्दच मोठा लोभस आहे. नुकतीच काढलेली, कोमट, फेसाळ धार म्हणजे बळाचा ठेवा, ही समजूत तालमीतल्या पैलवानापासून गोठ्यात खेळणाऱ्या पोरापर्यंत सर्वांची असते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी करून धार काढतात आणि तो पेला तसाच ओठाला लावतात. बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला तिथे नेणे हा पाहुणचाराचाच भाग समजला जातो. देवाच्या पंचामृतात पडणारे दूधही बहुधा निरसेच असते. शिवाय अलीकडे या परंपरेला नवे अनुयायी मिळाले आहेत. व्यायामशाळेत जाणारे आपले वसतिगृहातले मित्र आहेत. ‘नैसर्गिक ते सारे चांगले’ असे मानून शहरात चढ्या भावाने न तापवलेले दूध बाटल्यांतून घरपोच मागवणारी सुशिक्षित कुटुंबे आहेत. आणि पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की शेळीच्या निरशा दुधासाठी धावाधाव करणारे रुग्णांचे नातेवाईक आहेत. तेव्हा हा प्रश्न वाटतो तितका निकालात निघालेला नाही, आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी त्यात लक्ष घालू नये असेही काही नाही. धोक्याचे मोजमाप कसे करावे हा शेवटी तर्काचा विषय आहे.

प्रथम शास्त्राधाराविषयी. निरशा दुधाचे समर्थक आयुर्वेदाचा हवाला देतात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात धारोष्ण दुधाला अमृताची उपमा दिलेली आहे, हे खरे. परंतु त्याच श्लोकात त्याच्या आधी जे सांगितले आहे ते मात्र सहसा कोणी सांगत नाही. कच्चे दूध जड आणि शरीरातील मार्ग अवरुद्ध करणारे असते, योग्य प्रकारे तापवलेले दूध त्याच्या उलट गुणांचे असते, आणि अति आटवलेले दूध आणखी जड होते, असा तो सगळा विचार आहे. म्हणजे वाग्भटाने सामान्यतः तापवलेलेच दूध चांगले मानले आणि फक्त धारेच्या क्षणाला अपवाद केला. सकाळी काढलेले आणि दुपारी शहरात पोचलेले बाटलीतले दूध या अपवादात कोणत्याही अर्थाने बसत नाही. आधार घ्यायचाच तर तो अख्खा घ्यावा, निम्मा नव्हे.

आता खुद्द धारेच्या क्षणाकडे वळू. दुधात रोगजंतू दोन वाटांनी येतात, आणि या दोन वाटा वेगळ्या ओळखल्या की वादातला अर्धा गोंधळ आपोआप मिटतो. एक वाट बाहेरची. कासेला लागलेले शेण, धार काढणाऱ्याचे हात, कासंडी, पाणी, माश्या आणि मग साठवणीचे तास. साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर, ई-कोलायचे काही घातक प्रकार मुख्यतः या वाटेने येतात, आणि उबदार हवेत दूध जितका वेळ राहील तितके त्यांतले बरेच वाढत जातात. दुसरी वाट आतली. जनावरच रोगी असेल तर जंतू कासेतूनच दुधाबरोबर उतरतात. क्षयाचे जंतू, ब्रुसेलोसिसचे जंतू आणि क्यू-ज्वराचे जंतू या वाटेने येऊ शकतात. दगडी झालेल्या कासेतले जंतू तर येतातच. स्वच्छ गोठा, धुतलेली कास, घासलेली कासंडी आणि डोळ्यांसमोर काढलेली ताजी धार ही सारी पहिल्या वाटेवरची राखण आहे. दुसऱ्या वाटेवर तिचा काही उपयोग नाही. दूध कितीही ताजे असले तरी ते ज्या कासेतून आले तिच्याइतकेच निरोगी असणार. पाणी मिसळलेले नाही एवढी खात्री कट्ट्यावर उभे राहून मिळते, आणि आपल्याकडे तीही लहान गोष्ट नव्हे. पण ती भेसळीची खात्री आहे, आरोग्याची नव्हे.

हे केवळ तर्काने सांगायचे कारण नाही. इतिहासात याचे एक विलक्षण उदाहरण आहे. भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर इंग्रजांचे मोठे लष्करी ठाणे होते. तिथल्या सैनिकांना आणि खलाशांना एक चिवट ताप येई. तो चढे, उतरे, पुन्हा चढे. घामाने अंथरूण भिजे, सांधे आणि कंबर धरून येई, आणि असे महिनोन्‌महिने चाले. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टराने १८८७ साली या तापाने मृत झालेल्या सैनिकांच्या प्लीहेतून त्याचा जंतू वेगळा केला. पण जंतू सापडला तरी तो माणसात येतो कोठून, हे कळेना. हवा, पाणी, डास, गटारे, सर्वांवर संशय घेऊन झाला. १९०४ साली एक आयोग नेमला गेला. त्या आयोगात काम करणाऱ्या थेमिस्टोक्लीस झामिट या माल्टीज डॉक्टराने १९०५ मध्ये बेटावरच्या शेळ्यांचे रक्त तपासले, तेव्हा जवळजवळ निम्म्या शेळ्यांना या जंतूची बाधा होऊन गेल्याचे दिसले आणि सुमारे दहातली एक शेळी तो जंतू दुधातून बाहेर टाकीत होती. आश्चर्य असे की शेळ्या दिसायला ठणठणीत होत्या. आजारी दिसणाऱ्या जनावराचे दूध कोणीही टाळील. इथे टाळण्यासारखे काही दिसतच नव्हते.

माल्ट्यात दूध विकण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. गवळी शेळ्यांचा कळप घेऊन वॅलेटाच्या गल्ल्यांतून फिरे आणि गिऱ्हाइकाच्या दारातच त्याच्या भांड्यात धार काढून देई. म्हणजे आपल्या दूध कट्ट्याचीच ही फिरती आवृत्ती. ताजेपणाची याहून मोठी हमी ती कोणती? आणि तरीही त्याच ताज्या धारेतून ताप घरोघर जात होता. १९०५ सालीच माल्ट्यातून अमेरिकेकडे शेळ्या घेऊन निघालेल्या ‘जोशुआ निकल्सन’ या बोटीवरच्या माणसांनी वाटेत त्या शेळ्यांचे दूध मनसोक्त प्यायले आणि त्यांच्यातल्या अनेकांना तोच ताप आला. जणू कोणी मुद्दाम प्रयोग मांडावा तशी ही हकिकत. १९०६ मध्ये लष्कराने आपल्या शिधापत्रातून शेळीचे दूध काढून टाकले आणि ठाण्यातला ताप पाहता पाहता जवळजवळ नाहीसा झाला. नागरी वस्तीत मात्र दारातली धार चालूच राहिली आणि तापही चालूच राहिला. माल्ट्यात दूध पाश्चरीकरणाचे केंद्र निघाले ते १९३८ साली, म्हणजे कारण कळल्यानंतर तब्बल तेहेतीस वर्षांनी. ज्ञान असणे आणि सवय बदलणे यांत केवढे अंतर असते! (जाता जाता : हाच झामिट पुढे पुरातत्त्ववेत्ता म्हणून गाजला. तार्शिन येथील प्रागैतिहासिक मंदिरांचे उत्खनन त्याने १९१५ ते १९१९ या काळात केले. शास्त्र आणि कला यांच्यातली भिंत मानणाऱ्यांनी या गृहस्थाकडे जरूर पाहावे.)

दुसरे उदाहरण क्षयाचे, आणि ते अधिक दुःखाचे आहे. क्षयाचा जंतू शोधून काढणाऱ्या रॉबर्ट कॉख यानेच १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत सांगितले की गुरांच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द! ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी एक शाही आयोग नेमला. आयोगाने दहा वर्षे काम केले आणि १९११ च्या अखेरच्या अहवालात निष्कर्ष काढला की गुरांचा क्षय माणसाला होतो, आणि विशेषतः लहान मुलांना दुधातून होतो. मानेच्या गाठी सुजून फुटणारी गंडमाळ, पोटातला क्षय, हाडांचा क्षय ही त्याची रूपे. तरीही १९३० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये या प्रकारच्या क्षयाने दर वर्षी दोन हजारांवर माणसे मरत होती असा अंदाज आहे, आणि त्यांत मोठा भरणा मुलांचा होता. पाश्चरीकरणाला विरोध करणारे लोक काही दुष्ट नव्हते. लहान गवळ्यांना भीती होती की यंत्रसामग्री परवडणाऱ्या बड्या डेअऱ्या आपला धंदा गिळतील. काहींना वाटे की दुधातले सत्त्व जाईल. त्यातली पहिली भीती निराधार नव्हती, हे मान्य केले पाहिजे. शिकागो शहराने १९०८ सालीच नियम केला, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने १९३८ साली सर्वत्र सक्ती केली; स्कॉटलंडने निरशा दुधाची किरकोळ विक्री बंद केली ती १९८३ मध्ये. इंग्लंडात मात्र गोठ्यावरून थेट विक्रीला ठराविक अटींवर अजूनही मुभा आहे.

पाश्चरीकरण म्हणजे तरी काय? दूध ६३ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे किंवा ७२ अंशांवर १५ सेकंद ठेवायचे आणि लगेच थंड करायचे. उकळीपर्यंत जायचे कारण नाही. दूध पुरेसे तापले की नाही हे पाहण्याची युक्तीही सुंदर आहे. दुधात फॉस्फटेज नावाचे एक विकर असते, ते जवळपास याच उष्णतेला नष्ट होते. तपासणीत ते शिल्लक आढळले तर समजावे, काम अर्धवट झाले. आपल्या घरी दूध वर येईपर्यंत तापवतात तेव्हा ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते.

आता समर्थकांची बाजू. ती ऐकून न घेता निकाल देणे योग्य नाही.

तापवल्याने जीवनसत्त्वे जातात, हा पहिला आक्षेप. तो खरा आहे, पण किती खरा? पाश्चरीकरणात क जीवनसत्त्व आणि ब वर्गातील काही जीवनसत्त्वे थोड्या प्रमाणात कमी होतात, आणि घरी बराच वेळ उकळत ठेवल्यास अधिक कमी होतात. परंतु क जीवनसत्त्वासाठी दूध कोणी पीत नाही. लिंबाची एक फोड ती उणीव भरून काढते. ज्यांच्यासाठी आपण दूध पितो ती प्रथिने, स्निग्धांश, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळजवळ तशीच राहतात. गंमत म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचा खरा शत्रू उष्णतेपेक्षा सूर्यप्रकाश आहे. तेव्हा पारदर्शक बाटलीतले ‘नैसर्गिक’ दूध उन्हात दारावर ठेवणाऱ्यांनी सत्त्वाची चिंता इतरांना सांगू नये.

दुसरा दावा असा की ज्यांना दूध पचत नाही त्यांना निरसे दूध पचते, कारण त्यात पाचक विकरे जिवंत असतात. दुधातील साखर पचवणारे लॅक्टेज हे विकर निरशा दुधातही नसते, मग तापवून ते जाणार कोठून? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात असे दूध न पचणाऱ्या व्यक्तींवर छोटा प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. निरशा दुधाने त्यांचा त्रास कमी झाला नाही. या अडचणीवरचा आपला जुना उपाय दही आणि ताक हाच आहे. विरजणातले जंतू ती साखर बरीचशी आधीच फस्त करतात. आणि विरजण आपण तापवून कोमट केलेल्या दुधाला लावतो हे विसरू नये. नुसते आंबवल्याने सर्व रोगजंतू मरतातच असे नाही. माल्ट्यातच १९९५ साली निरशा दुधाच्या ताज्या चीजमधून त्या जुन्या तापाची पुन्हा साथ आली.

तिसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी इत्यादी देशांत झालेल्या २००७ आणि २०११ सालच्या दोन मोठ्या पाहण्यांत असे आढळले की शेतावरचे न तापवलेले दूध पिणाऱ्या मुलांत दमा आणि अ‍ॅलर्जीचे विकार कमी असतात. हा निष्कर्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण पाहणी आणि प्रयोग यांत फरक असतो. ती मुले गोठ्याच्या सान्निध्यात वाढलेली असतात. त्यांचे पालक शेतकरी असतात. दुधाशिवाय आणखी दहा गोष्टी त्यांच्या आयुष्यात वेगळ्या असतात. संशोधकांनी हे भेद हिशेबात घेण्याचा प्रयत्न केला, आणि तरीही खुद्द त्यांनीच निरसे दूध पिण्याची शिफारस करण्याचे टाळले. दुधातला तो उपकारक घटक वेगळा ओळखून धोक्याशिवाय देता येईल का, या दिशेने पुढचे काम चालू आहे. माझ्या मते शहाणपणाचा मार्ग तोच.

मग धोका नेमका किती? इथे आकडे हवेत. अमेरिकेत १९९८ ते २०१८ या एकवीस वर्षांत निरशा दुधाशी जोडल्या गेलेल्या २०२ साथींची नोंद झाली. त्यांत २,६४५ माणसे आजारी पडली आणि २२८ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. तीस कोटींहून अधिक लोकवस्तीच्या देशात वर्षाला सव्वाशेच्या आसपास रुग्ण, म्हणजे कोणी म्हणेल की रस्ता ओलांडणे याहून घातक. पण हा भागाकार चुकीचा आहे. छेदस्थानी सारा देश घ्यायचा नाही, निरसे दूध पिणारेच घ्यायचे, आणि तिथल्या पाहण्यांनुसार ते शंभरात तीन-चारच आहेत. शिवाय या साथी म्हणून नोंदल्या गेलेल्या घटना आहेत. एकट्यादुकट्या रुग्णाचे पोट बिघडले तर त्याची गणना यात होत नाही. एवढे करूनही एका पेल्याचा धोका लहानच राहतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. जो म्हणतो की मी तीस वर्षे धारोष्ण दूध पितो आणि मला काही झाले नाही, तो खोटे बोलत नाही. त्याच्यासारखे पुष्कळ असणारच. फक्त ज्याला काही झाले तो कट्ट्यावर येऊन आपली हकिकत सांगत नाही, आणि कित्येकदा आपल्याला काय झाले हे त्यालाही कळलेले नसते.

धोका तोलताना शक्यतेबरोबर परिणामाचाही विचार करावा लागतो, आणि हा परिणाम सर्वांना सारखा वाटलेला नाही. पैलवानाला दोन दिवस जुलाब होऊन भागेल तिथे चार वर्षांच्या मुलाची ई-कोलायच्या विषाने मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. लिस्टेरिया हा जंतू गर्भवतीला किरकोळ ताप देऊन जाईल, पण पोटातले मूल दगावू शकते. म्हणजे पेला उचलण्याचा निर्णय घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसराच, असे घरोघर घडू शकते. मुलाला धारोष्ण दूध पाजणारा बाप प्रेमानेच पाजतो, म्हणूनच ही गोष्ट बोलणे अवघड जाते.

आपल्याकडचा मोठा प्रश्न ब्रुसेलोसिसचा आहे. तोच माल्ट्याचा ताप. गाय किंवा म्हैस गाभडली, म्हणजे दिवस भरण्यापूर्वीच वासरू टाकले, की त्यामागे पुष्कळदा हा रोग असतो. माणसात तो लांबलेल्या तापाच्या, घामाच्या, कंबरदुखीच्या रूपाने येतो. गावात अशा तापाला आधी मलेरिया म्हणतात, मग विषमज्वर, मग क्षय. ब्रुसेलोसिसची रक्ततपासणी क्वचितच केली जाते. निदान झाले तर दोन प्रतिजैविके मिळून सहा आठवडे घ्यावी लागतात. याच संदर्भात शेळीच्या दुधाचे वेड मला विशेष काळजीचे वाटते. डेंग्यूत कमी झालेल्या प्लेटलेट्स रोग ओसरला की आपोआप वाढतात. त्याच दिवसांत शेळीचे दूध चालू असते, म्हणून श्रेय दुधाला मिळते. ते प्लेटलेट्स वाढवते याला शास्त्रीय पुरावा नाही. पण शेळ्यामेंढ्यांतला ब्रुसेला हा माणसाला सर्वांत तापदायक प्रकार, आणि आधीच गळालेल्या रुग्णाला तो निरशा दुधातून देण्याचा धोका मात्र खरा आहे. द्यायचेच तर तापवून द्यावे. एवढे तरी सांगता येईल.

याउलट एका बाबतीत गावाची भीती धोक्यापेक्षा मोठी असते. एखादी म्हैस पिसाळून मेली की तिच्या दुधाचा चहा घेतलेले सारे गाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या दारात रांग लावते. दुधातून माणसाला रेबीज झाल्याचे खात्रीलायक उदाहरण नाही, आणि तापवलेल्या दुधात तर तो विषाणू टिकत नाही. डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच. पण जो माणूस पिसाळलेल्या म्हशीच्या चहाने घाबरतो तोच गाभडलेल्या गाईचे निरसे दूध निःशंकपणे पितो, ही विसंगती पाहण्यासारखी आहे. नवे रोगही याच वाटेने येऊ शकतात. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतील दुभत्या गाईंत बर्ड फ्लूचा विषाणू आढळला. तो कासेत वाढत होता आणि दुधात मुबलक उतरत होता. गोठ्यावरची मांजरे ते दूध पिऊन मेली. पाश्चरीकृत दुधात मात्र तो जिवंत राहिला नाही.

पिशवीच्या दुधाविषयी नेहमी विचारले जाते. ते पाश्चरीकरण केलेलेच असते. कारखान्यापासून घरापर्यंत थंड राहिले असेल तर पुन्हा न तापवता चालते. पण वाटेत कोठल्या टपरीवर ती पिशवी तासभर उन्हात पडली असेल याचा भरवसा नसतो, म्हणून घरची बाई ती फोडून तापवते, आणि ती चूक करत नाही. फार वेळ आटवू नये, एक उकळी पुरे. पंचामृतासाठीही तापवून थंड केलेले दूध वापरण्याची रीत अनेक घरांत आहेच. आणि चीक निरसा न खाता त्याचा खरवस करून खाण्याची आपली पद्धत तर वाफेवरचेच पाश्चरीकरण म्हणावी.

राहिला गोठा. दूध तापवल्याने पिणारा वाचतो, धार काढणारा वाचत नाही. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हातांनी काढणाऱ्या शेतकऱ्याला, त्याच्या बायकोला आणि पशुवैद्यालाही ब्रुसेलोसिस दुधाशिवाय होतो. अशी वार हातमोजे घालून उचलावी आणि चुना टाकून खोल पुरावी, कुत्र्यांपुढे टाकू नये. सप्टेंबर २०१९ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि पारड्यांना या रोगाची लस दिली जाते. ती आयुष्यातून एकदाच टोचायची असते आणि वय उलटून गेले की देता येत नाही. आपल्यापैकी ज्यांच्या घरी दुभती जनावरे आहेत त्यांनी सुट्टीत गावी गेल्यावर एवढी चौकशी पशुवैद्यकीय दवाखान्यात जरूर करावी. लस फक्त मादी वासरांना देतात, गोऱ्ह्यांना नाही.